मास्टर्ससाठी कर्ज: फेडरल की प्रायव्हेट?

ग्रीन कार्ड आहे, अमेरिकेत मास्टर्सला अ‍ॅडमिशन झालंय, आता फक्त पैशांचं ठरायचंय, अशांसाठी हे लिहितोय. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर फेडरलचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या कर्जाचा, रस्ता मुळातच बंद आहे.

२०२२ मध्ये मी पब्लिक हेल्थला प्रवेश घेतला, तेव्हा कागदावर प्रायव्हेट कर्जच स्वस्त दिसत होतं. फेडरलची कर्जं दोन: अनसबसिडाइज्ड, म्हणजे शिकतानाही व्याज चढत राहणारं, आणि त्यापलीकडे लागलं तर ग्रॅड प्लस. अनसबसिडाइज्डचा दर त्या वर्षी ६.५४ टक्के, ग्रॅड प्लसचा ७.५४. वर ग्रॅड प्लसमध्ये ४.२२८ टक्के फी आधीच कापून घेतात. दहा हजार डॉलर काढले की पदरात पडतात ९,५७७, व्याज मात्र पुऱ्या दहा हजारांवर. हे मला आजही खटकतं. प्रायव्हेटवाल्यांचा दर कमी होता, फी नव्हती.

पण त्यांना जामीनदार हवा होता. माझी क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्ज-कार्ड फेडल्याची नोंद, जेमतेम दोन वर्षांची. न्यू जर्सीतल्या एडिसनचे मामा लगेच हो म्हणाले. शनिवारी दुपारी त्यांच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसलो. मामा पगार, घराचा हप्ता, सोशल सिक्युरिटी नंबर एकेक करून सांगत होते, मी भरत होतो. चहा ठेवता ठेवता मामींनी हळूच विचारलं, "म्हणजे हे कर्ज यांच्याही नावावर दिसणार का रे?" दिसणार होतं. त्यांच्या मुलीचं कॉलेज दोन वर्षांवर आलं होतं, तिच्यासाठी त्यांनाच कर्ज काढायचं होतं. मामा म्हणाले, "अरे, तू भर." मला पुढे भरवेना.

मग फेडरलचंच घ्यायचं ठरवलं. अनसबसिडाइज्डसाठी क्रेडिट बघतच नाहीत. ग्रॅड प्लसला मोठी थकबाकी वगैरे नाही ना, एवढंच बघतात. दोन्ही कर्जं माझ्या एकट्याच्या नावावर झाली. पुढे ना-नफा संस्थेत नोकरी लागली. हप्ता पगाराच्या मानाने बसतो, आणि अशा नोकरीत पात्र १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ होतं. प्रायव्हेटमध्ये यातलं काही मिळालं नसतं.

आता मात्र गणित बदललंय. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस नाही. मास्टर्सला फेडरलमधून वर्षाला २०,५०० डॉलर, एकूण एक लाखापर्यंत. डॉक्टरी-वकिलीला वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख. तुमची क्रेडिट भक्कम असेल, मोठ्या पगाराची खात्री असेल, तर प्रायव्हेट स्वस्त पडेलही, त्याला माझी हरकत नाही. मी मात्र आधी फेडरलची मर्यादा पूर्ण वापरली असती आणि उरलेल्यापुरतंच बाहेर गेलो असतो.

तशी वेळ आलीच, तर जामीनदार किती हप्त्यांनंतर मोकळा होतो ते सहीआधी वाचून घ्या. आणि ज्यांची सही मागताय, त्यांना येत्या चार-पाच वर्षांत स्वतःसाठी कर्ज काढायचंय का, ते विचारा. नवरा-बायको दोघंही समोर असताना विचारा.