आठ महिने, एक भिंत आणि राखाडी काळोख

दिवाळीत प्रोजेक्टर घेतला. दुकानात दाखवताना त्यांनी मोर, धबधबा आणि ट्यूलिपची शेतं लावली होती. असल्या व्हिडिओत कुठलंही यंत्र देखणंच दिसतं. घरी आल्यावर मी हौसेने पहिला लावला 'सिंहासन', आणि तोंड उतरलं. 1979 चा कृष्णधवल चित्रपट, त्यातली रात्र काळी दिसेचना. चुलीतल्या राखेचा रंग.

खोक्यावर मोठ्या अक्षरात 9,000 ल्युमेन्स, म्हणजे उजेडाचं माप. आतल्या पुस्तिकेत मुंगीएवढ्या अक्षरात 400 अँसी ल्युमेन्स, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड. घेणाऱ्याने दुसरा आकडा बघावा, पहिला जाहिरातीचा. पडदे लावूनही दुपारी चित्र धुतल्यासारखं दिसतं, म्हणजे हा रात्रीचाच सोबती. आणि काळा रंग याला जमत नाही, कारण दिवा सतत चालूच असतो. पुढचं, चित्र घडवणारं पॅनल त्याचा उजेड जमेल तेवढा अडवतं, उरलेला झिरपतो.

तरी मी तो परत केला नाही, ते त्याच रात्री पुढच्या तासाभरात ठरलं. निळू फुल्यांना मी आजवर टीव्हीवरच पाहिलं होतं. 'सिंहासन'मधला त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस फारसा काही करत नाही. इकडे जातो, तिकडे बसतो, ऐकून घेतो. टीव्हीवर मला तो कायम जरा मागे पडलेला वाटायचा. नऊ फुटांवरून भिंतीवर 100 इंची चित्र पडलं तेव्हा कळलं, की अख्खा चित्रपट त्या ऐकणाऱ्या चेहऱ्यावर उभा आहे. मुख्यमंत्री बोलत असतात आणि आपण बघत बसतो टिपणीसांच्या डोळ्यांकडे. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा मला जागेवरून उठावंसं वाटेना.

'संत तुकाराम' आईसोबत पाहिला. 1936 चा, प्रभातचा. त्याची चौकट जवळपास चौरस, त्यामुळे दोन्ही बाजूंना पट्टे उरतात, आणि या यंत्रावर तेही राखाडी. उपाय म्हणून आईकडचं काळं अस्तराचं कापड टाचण्यांनी दोन्हीकडे लावलं. चित्र एकदम उठून दिसायला लागलं. सगळ्या सेटिंग्जशी झटून जे झालं नाही ते दीड मीटर अस्तराने केलं!

मशीनचा पंखा सतत घोंघावतो. मी त्यावर कुरकुरलो तर आई म्हणाली, "अरे, जत्रेतल्या तंबूत जनरेटर ह्याच्या दसपट ओरडायचं. पिक्चर सुरू झाला की कुणाला ऐकू यायचं?" तुकाराम झालेल्या पागनीसांच्या भजनांबरोबर ती गुणगुणत होती. 'आधी बीज एकले' तुकोबांचं नाही, चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलंय, हे मी तिला सांगितलं. तिला ते पटलेलं नाही, अजूनही.

मला मात्र या वेळी आवलीच दिसली. नवरा वैकुंठाला निघालाय आणि हिच्यापुढे पोरं, म्हैस, चूल. विमान आज कागदी वाटतं, आवली अजिबात वाटत नाही.

नव्यांपैकी 'कोर्ट'ने यंत्राची खरी परीक्षा घेतली. कॅमेरा हलत नाही, माणसं लांब, कोपऱ्यात काहीतरी चाललेलं. फोनवर ज्यांना हा चित्रपट कंटाळवाणा वाटला त्यांना मी दोष देणार नाही. फोनवर तो दिसतच नाही. सरकारी वकील बाई लोकलमध्ये साडीबद्दल बोलतात, घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, ते सगळं या आकारात शेजारच्या घरात घडल्यासारखं वाटलं. मग सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे मालवतात आणि पडदा काळा होतो. बराच वेळ काळाच. मला वाटलं, दिवा गेला! उठून वायर हलवायला गेलो, तेवढ्यात पुढचा प्रसंग सुरू झाला. खऱ्या काळोखाची ती जागा इथे पंख्याची घरघर आणि एक राखाडी आयत. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंची माफी मागावीशी वाटली.

'द डिसायपल'साठी वेगळाच खर्च झाला. प्रोजेक्टरमधलं नेटफ्लिक्स चालतं खरं, पण अशा बऱ्याच स्वस्त यंत्रांना त्यांची अधिकृत मान्यता नसते, म्हणून चित्र ढोबळ येतं. प्रोजेक्टरच्या एचडीएमआय खाचेत लावायची, नेटफ्लिक्स दाखवणारी स्टिक वेगळी घ्यावी लागली. रात्रीच्या रिकाम्या पुलावरून संथ जाणारी मोटरसायकल आणि कानात माईंचा, म्हणजे नायकाच्या गुरूंच्या गुरूंचा, आवाज. हेडफोन लावूनच पाहा. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. 19 एप्रिल 2021 ला त्या गेल्या आणि 30 एप्रिलला चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. हे माहीत असलं की तो पूल ओलांडायला जास्त वेळ लागतो.

अंगच्या स्पीकरबद्दल दोनच ओळी. 'सैराट'च्या गाण्यांचा वाद्यवृंद अजय-अतुलनी हॉलिवूडला जाऊन ध्वनिमुद्रित केला. या स्पीकरवर तो डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो. बाहेरचा साउंडबार जोडा.

'अशी ही बनवाबनवी' मोठ्या भिंतीवर आणि छोट्या फोनवर सारखाच. संवाद पाठ असलेल्यांना चित्र लागतंच कशाला.

बाकी तक्रारी. यंत्र तिरकं ठेवून चित्र चौकोनात आणायची सोय आहे, पण तिने कडा भुरकट होतात. सरळ समोर, योग्य उंचीवर ठेवणं उत्तम. मी शेवटी दोन जुने शब्दकोश खाली घातले. पाचव्या महिन्यात आत धूळ शिरली आणि अंधाऱ्या प्रसंगात एक फिकट डाग तरंगायला लागला. 'फँड्री'त जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्यावर येतो, तेव्हा हा डागही सोबत. दुरुस्तीला बारा दिवस गेले आणि वॉरंटीत धूळ बसत नाही, असं ऐकून पैसे मोजले.

घेऊ का, असं विचारणाऱ्यांना: भयपट आणि रात्रीच्या मारामाऱ्या बघणार असाल तर याच पैशात टीव्ही घ्या. चेहरे बघायचे असतील तर घ्या.

आता पावसाळा लागलाय. भिंतीला ओल येऊन मधोमध पोपडा सुटलाय. परवा 'पिंजरा' लावला तर तो बरोबर डॉक्टर लागूंच्या फेट्यावर. रंगारी म्हणतो दसऱ्यानंतर, आणि आई म्हणते तोवर चादर बांध.