ओव्हरटाइमचे १,३२,००० आणि रजेचे १५,६०० बुडाले. ठेकेदाराकडे कामाला असाल तर वाचा

चाकणला एका कंपनीत ठेकेदारामार्फत सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटर होतो. जानेवारी २०२२ ते ऑक्टोबर २०२३. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून महिन्याला १५,६००. २६ दिवस धरून दिवसाला ६००, तासाला ७५. पाळी आठ तासांची, पण आठवड्यातले पाच दिवस रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, यायचाच नाही. महिन्याला ८० तास जादा काम.

तेव्हा (२०२५ पर्यंत) लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५९ प्रमाणे ओव्हरटाइमला दुप्पट दर होता, म्हणजे तासाला १५०. मला दिले ७५. महिन्याला ६,००० गेले, बावीस महिन्यांचे १,३२,०००.

पहिलीच पगाराची स्लिप आठवली की अजून डोकं फिरतं. ओव्हरटाइमच्या रकान्यात ०.०० आणि खाली 'उत्पादन भत्ता ६,०००'. विचारलं, तर सुपरवायझर म्हणाला, "पैसे मिळाले ना? मग नावाशी काय करायचंय?" मी गप्प बसलो. घरभाडं थकलेलं, गावी आईचं औषधपाणी. तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं असतं. त्या शून्याचा अर्थ असा, की रजिस्टरप्रमाणे मी एक तासही जादा काम केलेलं नाही. हजेरीच्या पंच मशीनचा फोटो रोज काढा रे बाबांनो, जाताना आणि येताना.

रजेचंही तेच. तेव्हाच्या त्याच कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा होती. माझी २६ दिवस साठली होती, त्याचे १५,६०० होतात. सोडताना ठेकेदाराने ९,२०० चा चेक टेबलावर ठेवला, वर अंगठा दाबून. शेजारी व्हाउचर: 'सर्व येणे मिळाले, कोणतीही मागणी शिल्लक नाही.' सही झाल्यावर अंगठा उचलला. ९,२०० हा माझा शेवटच्या महिन्याचा राहिलेला पगारच होता! सही करायचीच वेळ आली तर 'रजा व ओव्हरटाइम बाकी' असं हाताने लिहून मगच करा.

मग सरकारी दरवाजे. कामगार अधिकारी म्हणाले, ओव्हरटाइम कारखाना निरीक्षकांचा विषय. तिथे म्हणाले, वसुली आमच्याकडे नाही. परत पहिल्याकडे, तर साहेब दौऱ्यावर. चौथ्या खेपेला साहेब भेटले. "सही केलीत ना? मग आता काय?" अहो, तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होतं, ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर मूळ कंपनीने द्यायचा. हे मी त्यांना सांगायचं? आणि अर्ज घेतला तो पोच न देता. त्यावर शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका, मी हललो. तेव्हाच्या वेतन प्रदान कायद्याखाली दावा बारा महिन्यांच्या आत लावायचा होता. यांच्या खेपांमध्ये माझा एकेक महिना मुदतीबाहेर जात राहिला आणि कोणी एका शब्दाने सांगितलं नाही.

आता वकिलामार्फत विलंबमाफीच्या अर्जासह दावा टाकलाय. वकिलांनी पहिल्यांदा मागितल्या त्या स्लिपा. बावीसपैकी माझ्याकडे नऊ निघाल्या.