रुळांशेजारच्या खिडकीला दुहेरी काच : आठ महिन्यांनंतर

आमचं घर पुण्यात घोरपडीत, दुसऱ्या मजल्यावर, रूळ अगदी समोर. सोलापूरचा आणि मिरजेचा मार्ग इथेच फुटतो, शिवाय जवळ इंजिनांचं शेड. फाटकाआधी 'सी/फा'ची (सीटी/फाटक) पाटी आली की चालकाला भोंगा द्यावाच लागतो, त्याच्यावर चिडून काय करणार?

दिवाळीनंतर झोपायच्या खोलीची अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी काढून यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची), बिजागऱ्यांवर उघडणारी बसवली. बाहेर ६ मिमी काच, मध्ये १२ मिमी पोकळी, आत जाड लॅमिनेटेड काच (मध्ये प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेली). दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्या तर त्या एकाच सुराला थरथरतात आणि तो सूर सरळ आत येतो. दुकानदार मात्र "साहेब, सेम घ्या, स्वस्त पडेल" हेच धरून बसला होता. सरकत्या खिडकीत नुसता केसाळ ब्रश असतो, फटी राहतातच. हिचं रबर बंद करताना घट्ट दाबलं जातं.

पहिल्या रात्री भोंगा जवळजवळ तसाच! डोक्याला हात लावला. दोन दिवसांनी चोर सापडले: एसीच्या पाइपाचं भोक आणि बाथरूमच्या तिरक्या काचपट्ट्या. भोक सिलिकॉनने बुजवलं, बाथरूमच्या दाराखाली रबरी पट्टी मारली. तीनशे रुपयांचं काम, आणि खरा फरक त्यानंतर पडला.

फोनच्या अ‍ॅपवर पलंगाशी भोंग्याला आधी ६६ डेसिबल दिसायचे, आता ५४-५५. फोन म्हणजे काही प्रमाणित यंत्र नव्हे. पण १० डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, आणि तसंच वाटतंय. झोप मोडत नाही.

मालगाडीचं मात्र काही खरं नाही. खालच्या पट्टीची घरघर काचेला जुमानत नाही, आणि एखाद्या वाघिणीचं, म्हणजे मालडब्याचं, चाक घासून चपटं झालेलं असलं की ठक-ठक-ठक पार पुढे जाईपर्यंत. जमिनीतून येणाऱ्या थरथरीने मांडणीतल्या वाट्या अजून किणकिणतात. त्यावर खिडकी हा उपायच नाही.

एप्रिल-मेमध्ये खिडकी बंद म्हणजे एसी चालू, बिल वाढलं. जूनच्या पहिल्या सरीत कोपऱ्यातून पाणी झिरपलं, फिटर चौथ्या फोनला आला.

हॉलची खिडकी बदलणार नाही, तिथे टीव्हीचाच आवाज गाडीपेक्षा मोठा असतो. ते पैसे बाथरूमच्या काचपट्ट्या काढायला ठेवलेत.