निकोटिन गमचे सात महिने

सिगारेट सोडून मला सात महिने पूर्ण झाले. त्यांपैकी पहिले चार महिने मी निकोटिन गम, म्हणजे तंबाखूतले निकोटिन थोड्या प्रमाणात देणारा चघळण्याचा गम, वापरला आणि नंतरचे तीन महिने त्याच्याशिवाय काढले. याच गमच्या आधाराने मी तीन वर्षांपूर्वी एकदा प्रयत्न केला होता आणि दहाव्या दिवशी पुन्हा सिगारेट पेटवली होती. त्यानंतर कोणी विचारले, तर या गमचा काही उपयोग होत नाही, असे मी ठामपणे सांगत असे. ते सांगणे चुकीचे होते हे आज मला पटले आहे, आणि माझे ऐकून ज्यांनी तो वापरलाच नाही त्यांच्याबद्दल वाईटही वाटते. पहिल्या वेळी मी गम तल्लफ आल्यावर घेत होतो. दुसऱ्या वेळी तो तल्लफ येण्याच्या आधी घेतला. हा फरक नीट समजावून सांगता यावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

माझी सवय १९ वर्षांची होती. दिवसाला १५ ते १८ सिगारेटी होत आणि पहिली सिगारेट अंथरुणातून उठल्यावर १० मिनिटांच्या आत पेटत असे. यांतला हा शेवटचा तपशील किती महत्त्वाचा आहे हे मला फार उशिरा कळले. गम २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतो, आणि जाग आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगारेट लागते त्याने ४ मिलिग्रॅमचा घ्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. पहिल्या प्रयत्नात मी ‘कमी तेवढे बरे’ या समजुतीने २ मिलिग्रॅमचा आणला होता. त्यामागे भीतीही होती, की जे सोडायचे आहे तेच पुन्हा तोंडात कशाला घालायचे. या वेळी मी आधी डॉक्टरांशी बोललो आणि त्यांनी ही शंका शांतपणे दूर केली. निकोटिन व्यसन लावते हे खरे. परंतु फुप्फुसांचा कर्करोग आणि सिगारेटमुळे होणारे श्वसनाचे आजार यांना मुख्यतः तंबाखू जळताना तयार होणारा डांबरासारखा चिकट थर आणि धुरातील इतर विषारी द्रव्ये जबाबदार असतात. गममध्ये काहीच जळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिन गम आणि त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी यांचा २००९ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे, हे समजल्यावर माझा उरलासुरला संकोचही गेला.

आता चघळण्याविषयी. पहिल्या वेळी मी ही वडी साध्या च्युइंग गमसारखी भराभर चघळली, लाळ गिळत राहिलो आणि पाच मिनिटांत उचकी लागून छातीत जळजळ सुरू झाली. गिळलेले निकोटिन पोटातून यकृताकडे जाते आणि त्याचा मोठा भाग तेथेच निकामी होतो, त्यामुळे त्रास पूर्ण आणि लाभ अर्धामुर्धा अशी अवस्था होते. या गममधले निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून रक्तात उतरावे लागते. त्यासाठी वडी सावकाश काही वेळा चावायची, तिखटसर चव आली किंवा तोंडात चुरचुरू लागले की थांबायचे आणि ती गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची. साधारण मिनिटभराने चुरचुर ओसरली की पुन्हा थोडे चावायचे आणि या वेळी दुसऱ्या बाजूला ठेवायची. असे सुमारे अर्धा तास चालते. या औषधाचा उगमही यादृष्टीने बोलका आहे. स्वीडनमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लेस लुंडग्रेन यांनी १९६७ मध्ये औषध-संशोधक ओव्ह फेर्नो यांना कळवले होते, की पाणबुडीत धूम्रपानाला मनाई असते तेव्हा नौसैनिक तोंडात तंबाखू ठेवून वेळ निभावतात. त्या निरीक्षणातून फेर्नो यांनी हा गम घडवला. म्हणजे मुळातच ही गालात धरून ठेवण्याची वस्तू आहे. हे एकदा मनात पक्के बसले आणि उचकी थांबली.

वेळेचा मुद्दा याहूनही महत्त्वाचा आहे. सिगारेटच्या झुरक्यातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. गममधले निकोटिन रक्तात पुरेसे चढायला वीस ते तीस मिनिटे लागतात. उलट तल्लफेची एक लाट पाहावी तर ती बहुधा काही मिनिटांचीच असते. तल्लफ आली की वडी तोंडात टाकणारा माणूस ती लाट बिनऔषधाची सोसतो, आणि औषध पोहोचते तेव्हा लाट गेलेली असते किंवा त्याने सिगारेट पेटवलेली असते. पहिल्या प्रयत्नात दहा दिवस माझे नेमके हेच झाले. या वेळी मी घड्याळ लावले. जागेपणी दर दीड तासाने एक वडी, मन शांत असले तरी, इच्छा नसली तरी. पहिल्या सहा आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी एक आणि त्यापुढचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी एक, असा याचा बारा आठवड्यांचा नेहमीचा क्रम आहे आणि दिवसात चोवीसपेक्षा अधिक वड्या घ्यायच्या नसतात. मला पहिल्या महिन्यात रोज दहा ते बारा पुरल्या. आपल्याला आज गरज नाही असे वाटून मी एखादी वडी टाळली, की पुढच्या तास-दोन तासांत त्याची भरपाई करावी लागे. हे तीन-चार वेळा घडल्यावर मी टाळणे सोडून दिले.

सकाळ मात्र वेगळी गोष्ट होती. निकोटिनचे रक्तातले प्रमाण दर दोन तासांना साधारण निम्मे होत जाते, त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतर शरीर जवळजवळ रिकामे झालेले असते आणि दिवसातली सर्वांत तीव्र तल्लफ डोळे उघडताच येते. मी वड्यांचे पाकीट उशाशी ठेवत असे आणि उठून बसण्याआधीच पहिली वडी गालात धरत असे. त्यासाठी सकाळचा चहा पाऊण तास पुढे ढकलावा लागला, कारण वडी घेण्याआधी पंधरा मिनिटे आणि ती तोंडात असेपर्यंत पाण्याव्यतिरिक्त काही घ्यायचे नसते. कॉफी, फळांचा रस किंवा सोडायुक्त पेये यांच्या आम्लतेमुळे निकोटिन तोंडात नीट शोषले जात नाही. ज्यांची सकाळ माझ्यासारखीच अवघड असते त्यांनी निकोटिनच्या पट्टीबद्दलही डॉक्टरांना विचारावे. पट्टी दिवसभर संथपणे निकोटिन पुरवते, वरून लागेल तसा गम घेता येतो, आणि दोन्ही मिळून घेतल्यास एकट्या गमपेक्षा यशाची शक्यता वाढते असे अभ्यासांतून दिसले आहे. माझ्या त्वचेला कोणताही चिकट कागद सोसत नाही, म्हणून मला तो मार्ग घेता आला नाही.

कॉफीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आवर्जून नोंदवतो, कारण ती मला कोणी आधी सांगितली नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मला झोप येईनाशी झाली, हात थरथरू लागले, छातीत धडधड होऊ लागली आणि ही सारी सिगारेट सोडल्याची लक्षणे आहेत असे मी समजत होतो. धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिनचा निचरा अधिक वेगाने करत असते. धूर थांबला की तो वेग उतरतो आणि पूर्वीइतकीच कॉफी पिऊनही रक्तातले कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी दिवसाच्या चार कपांवरून दोन कपांवर आलो आणि तीन-चार दिवसांत धडधड थांबली. ज्या अस्वस्थतेने माणूस पुन्हा सिगारेटकडे वळतो तिच्यातली निदान काही अस्वस्थता अशी कपातून आलेली असू शकते.

शरीराची बाकीची तक्रार अपेक्षेप्रमाणे झाली. चिडचिड, एकाग्रतेचा अभाव, सारखी भूक आणि बद्धकोष्ठता हे सारे पहिल्या आठवड्यात सर्वाधिक होते आणि चौथ्या आठवड्यापर्यंत बरेच निवळले. वजन चार किलोंनी वाढले; पहिल्या वर्षात चार-पाच किलो वाढणे सर्रास आढळते, आणि सिगारेट सोडण्याने जे मिळते त्यापुढे ही वाढ मला मुळीच मोठी वाटत नाही.

गमची मर्यादा मला पाचव्या आठवड्याच्या सुमारास कळली. तोवर दिवसभराची ती पोखरणारी तल्लफ जवळजवळ गेली होती, आणि ती गेल्यामुळेच दुसऱ्या प्रकारची तल्लफ स्वच्छ दिसू लागली. ही घड्याळावर येत नाही. ती प्रसंगाला चिकटलेली असते. जेवण संपून ताट बाजूला सारले, फोन वाजला आणि बोलत बोलत गॅलरीत गेलो, एखादे अवघड काम हातावेगळे झाले, बाहेर पाऊस लागला आणि कोणाची तरी वाट पाहत उभे राहावे लागले, की रक्तात निकोटिन पुरेसे असतानाही हात खिशाकडे जात असे. एकोणीस वर्षे, दिवसाला पंधरा-सोळा सिगारेटी आणि प्रत्येकीचे आठ-दहा झुरके असा हिशेब केला, तर तोच हात तोच हावभाव आठ लाखांहून अधिक वेळा करून चुकलेला होता. इतक्या वेळा घोटलेला धडा काही वड्यांनी पुसला जाणार नव्हता.

मी एक छोटी वही केली आणि प्रत्येक तल्लफेची वेळ, जागा आणि तिच्या आधीचा क्षण लिहू लागलो. पंधरा दिवसांनी वाचले तेव्हा सत्तरेक नोंदींमध्ये प्रसंग अवघे सहा निघाले. सहा गोष्टींचा बंदोबस्त करणे माणसाच्या आवाक्यातले असते. जेवणानंतर मी लगेच उठून दहा मिनिटे भरभर चालू लागलो. थोड्या वेळाच्या जलद चालण्यानेही तल्लफ उतरते हे अभ्यासांत दिसलेले आहे आणि माझा अनुभव त्याला पूर्ण दुजोरा देतो. फोन गॅलरीऐवजी टेबलाशी बसून, हातात पेन धरून घेऊ लागलो. ज्या मित्राबरोबर दुपारची सिगारेट ठरलेली असे त्याला मी स्पष्ट सांगितले, की तीन महिने आपण त्या वेळी भेटणार नाही, संध्याकाळी भेटू. त्याने हे मनाला लावून घेतले नाही याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. पावसात वाट पाहण्यावर मात्र मला काहीच युक्ती सापडली नाही. तेथे नुसते उभे राहून, तल्लफ कुठे जाणवते आहे, घशात की छातीत, हे पाहत ती चढते आणि उतरते तोवर थांबावे लागले. पहिल्यांदा तिला सात मिनिटे लागली. सातव्या-आठव्या वेळेला दोन मिनिटांतच विसर पडला.

अकराव्या आठवड्यात मी एकदा चुकलो. घरात एक आजारपण होते, दोन रात्रींचे जागरण झाले होते, कोणीतरी सिगारेट पुढे केली आणि मी तीन झुरके घेतले. चव अप्रिय लागली, पण डोक्यातली ती जुनी सैलावल्याची भावना तत्काळ परत आली आणि तिची मला अजूनही धास्ती वाटते. पहिल्या प्रयत्नात याच क्षणी ‘आता सगळे संपलेच’ असे म्हणून मी पाकीट विकत घेतले होते. या वेळी सिगारेट विझवली, वडी तोंडात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वड्या कमी करण्याचा क्रम दोन आठवडे मागे नेला. अनेक चाचण्यांचा एकत्रित विचार केला, तर निकोटिनच्या अशा औषधांनी सिगारेट सुटण्याची शक्यता पन्नास ते साठ टक्क्यांनी वाढते, तरीही पुष्कळ जण पहिल्या प्रयत्नात अपयशी ठरतात, हेही त्यांनी मला सांगितले. मला त्या दिवशी हे ऐकण्याची फार गरज होती.

त्यामुळे बारा आठवड्यांचा क्रम माझ्या बाबतीत सोळा आठवड्यांवर गेला. शेवटच्या महिन्यात जबडा दुखत असे, आणि दिवसाच्या दोन वड्यांवरून शून्यावर येणे मला बारांवरून दोनांवर येण्यापेक्षा जड गेले. मी वडी अर्धी कापून घेऊ लागलो आणि मधल्या वेळी साधा बिनसाखरेचा च्युइंग गम चघळला. कृत्रिम दात असलेल्यांना ही वडी चिकटते, त्यांनी तोंडात विरघळणाऱ्या निकोटिनच्या गोळीचा पर्याय पाहावा. गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि हृदयाचे ठोके अनियमित असणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम सुरू करू नये. लहान मुलांच्या हाती तो चुकूनही लागू देऊ नये.

सध्या तल्लफ पंधरवड्यातून एखादी येते, बहुतेक वेळा पावसात, आणि दोन वेळा ती स्वप्नात आली. स्वप्नात मी सिगारेट ओढत होतो आणि जागा झाल्यावर काही क्षण ते खरे वाटून घाबरलो होतो. जिने चढताना लागणारा दम थांबला आहे. शेवटच्या पाकिटातल्या सहा वड्या शिल्लक आहेत. वापरण्याची मुदत अजून चार महिन्यांची आहे, तोवर त्या मी टेबलाच्या खणातच ठेवणार आहे.