मेणाचा शेक घरच्या घरी: गाड्या घासणाऱ्या हातांचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, मशीन चांगलंय, पैसे वाया गेले नाहीत, पण हात दुखायचेच थांबतील या ज्या आशेने बहुतेक गाड्यांचे डिटेलिंगवाले हे घेतील ती आशा यातून पुरी होणार नाही. पॅराफिन वॅक्स बाथ म्हणतात याला. फिजिओथेरपीवाल्यांकडे स्टीलचा मोठा टब असतो बघा, आत मेण वितळवून ठेवलेलं, त्यात हात बुडवून काढायचा, त्याचंच हे घरगुती छोटं रूप. रावपुऱ्यात एका सर्जिकलच्या दुकानातून घेतलं, तीन-साडेतीन हजारात बसलं, मेणाचे पैसे वेगळे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण सगळे साधारण सारखेच येतात, प्लास्टिकचा डबा, आत अॅल्युमिनियमचं भांडं, बाहेर एक गोल बटण.

मी बडोद्यात जुन्या पादरा रोडकडे गाड्यांचं डिटेलिंग करतो, म्हणजे क्ले (मातीच्या गोळ्यासारखं असतं, रंगावर चिकटलेली घाण त्याने काढायची), ओरखडे घालवायला कम्पाउंड, पॉलिश, वर कोटिंग आणि आतलं सगळं इंटिरियर. दसरा ते दिवाळी अक्षरशः रांग लागते, मग डिसेंबरात एनआरआय मंडळी येतात, त्यांच्या वर्षभर झाकून ठेवलेल्या गाड्या, आणि प्रत्येकाचं एकच, भाई, अरीसा जेवी करी आपजो. आरशासारखी होते हो गाडी, पण संध्याकाळी माझ्या उजव्या तळव्यात असा गोळा येतो की अंगठा आत वळतो आणि दुसऱ्या हाताने धरून सरळ करावा लागतो. सकाळी मूठ उघडत नाही पटकन, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. या लाइनमध्ये ज्यांनी दहा-बारा वर्षं काढलीत त्यांना हे सांगायची गरज नाही.

आता मशीन. पहिल्यांदा मेण वितळायला भयंकर वेळ लागतो, संध्याकाळी सहाला लावलं तर जेवणं उरकेपर्यंत थांबा. एकदा वितळलं की मग कमीवर ठेवता येतं. मेण साधारण 52 ते 54 डिग्रीवर हवं, आणि माझ्या मशीनवर आकडा दिसतच नाही, नुसता लाल दिवा आणि हिरवा दिवा, म्हणून किचनमधलं थर्मामीटर वेगळं आणलं, तुम्हीही आणा, त्यात कंजुषी नको. 52 डिग्रीचं पाणी हातावर घेतलं तर ओरडाल, मेण मात्र सहन होतं कारण ते उष्णता हळू सोडतं आणि पहिला थर त्वचेवर गोठला की तोच मधे आडवा येतो. हात स्वच्छ धुवून पुसून कोरडा करायचा, अंगठी काढायची, बोटं थोडी फाकवून बुडवायचा आणि लगेच काढायचा, थर पांढुरका झाला की पुन्हा, असं सात-आठ-दहा वेळा. या वेळात बोटं हलवायची नाहीत, थराला चीर गेली की गरम मेण आत शिरतं आणि मग चटका कळतो. नंतर प्लास्टिकची पिशवी, वर टॉवेल, पंधरा-वीस मिनिटं गप बसायचं. आमच्याकडे ही वीस मिनिटं आईच्या सिरियलची असतात, त्यामुळे मला आता सगळ्या सुनांची नावं पाठ आहेत.

निघतं ते मात्र मस्त, हातमोज्यासारखं सोलून. आत हात गुलाबी, मऊ, आणि सांधे असे मोकळे की खरंच वाटत नाही. कोरडी पडलेली, केमिकलने खरखरीत झालेली त्वचासुद्धा सुधारते, हा बोनस. ताठरपणासाठी मी याला पूर्ण मार्क देईन. रात्री केलं की सकाळी मूठ बरीच सहज उघडते.

तक्रारी पण आहेत. भांडं लहान आहे. बायकांच्या मॅनिक्युअरचा हिशोब धरून बनवलेलं असणार, माझा पंजा कसाबसा जातो आणि मनगट बाहेरच राहतं, आणि दुखतं तर अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटाला. मग मी काय करतो, इंटिरियरचा मऊ ब्रश एक नवा काढून ठेवलाय, त्याने मनगटावर मेण लावतो, थरावर थर. झाकण हलकं आहे, वायर आखूड आहे, आणि सोबत घेतलेल्या मेणाला लव्हेंडरचा इतका वास की दोन दिवस घरभर. पुढच्या वेळी बिनवासाचं आणा. मेणबत्त्या वितळवून चालतील का असं आमच्या एका पोराने विचारलं, नका करू, त्यात रंग आणि काय काय असतं आणि वितळायचं तापमान भरवशाचं नसतं. दुसऱ्याने तर कहर केला, म्हणे दादा आपल्याकडे कार्नुबाचा डबा पडलाय की. अरे बाबा कार्नुबा ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं मेण, ते वितळतं 82 डिग्रीच्या पुढे, हात शिजेल.

आणखी एक, हातावर ताजी चीर किंवा जखम असेल तर मेणात हात घालू नका, आपल्या धंद्यात बंपरच्या क्लिपांनी रोज काही ना काही कापतंच. मनगट सुजून गरम लागत असेल तेव्हाही नको. ज्यांना डायबिटीसमुळे बोटांची जाणीव कमी झालीय त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, चटका बसलेला कळणारच नाही. आणि गॅसपासून लांब ठेवा, मेण पेटतं.

आता मुद्द्यावर येतो. शेक घेतला, झोपलो, सकाळी छान, आणि दुपारी चारला तळव्यात परत गोळा. कारण उघड आहे, मेण संध्याकाळचं दुखणं उतरवतं, सकाळपासून हातावर जे चाललंय त्याला हातही लावत नाही. कारेलीबागेतल्या ज्या फिजिओ ताईंकडे मी जातो त्यांनी पहिल्या दिवशी शेक दिलाच नाही, आधी म्हणाल्या, काम कसं करता ते करून दाखवा. मी हवेत स्प्रे बाटली धरून दाखवली, फडकं पिळून दाखवलं, पॉलिशर धरून दाखवला, आणि त्यांनी सरळ सांगितलं की पॉलिशरपेक्षा तुमची बाटली आणि फडकं जास्त दोषी आहे.

मला हे पटायला वेळ लागला पण हिशोब करून बघा ना. एका गाडीला ती साधी ट्रिगरची बाटली किती वेळा दाबतो आपण, डॅशबोर्ड, दारं, काचा, कोटिंगच्या आधी पुसायचं आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, शेकड्यांनी होत असेल. त्याऐवजी झाडांना पाणी मारायचा पंप येतो ना दोन लिटरचा, वरून हवा भरायची आणि मग अंगठ्याने नुसतं दाबून ठेवायचं, तो घेतला. तीनेकशे रुपयांची वस्तू. फक्त आतलं वॉशर सॉल्व्हंटने फुगतं, म्हणून पाण्यातल्या केमिकलसाठी एक आणि आयपीएसाठी ज्यावर सॉल्व्हंटला चालतो असं लिहिलेलं असेल असा दुसरा. तीन हजारांच्या मशीनपेक्षा या तीनशेच्या पंपाने माझ्या बोटांना जास्त आराम दिलाय, हे लिहिताना जरा वाईट वाटतंय पण खरंय.

फडक्याचं पण तसंच. ते जाड ट्विस्टेड लूपचे टॉवेल, 1200 जीएसएमवाले (चौरस मीटरला 1200 ग्रॅम), पाणी खूप पितात म्हणून आपण घेतो आणि मग ओले झाले की पिळताना मनगट आणि अंगठा एकदम मुरगळतो. अंगठ्याच्या बाजूने मनगटात जी कळ येते, मूठ करून मनगट करंगळीकडे वाकवलं की जी टोचते, तिला डी क्वेर्व्हेन म्हणतात असं ताईंनी सांगितलं, आणि पिळणं हा तिचा आवडता खुराक. उपाय काय, तर घरात जुनं सेमी-ऑटोमॅटिक पडलं होतं, धुण्याची बाजू बंद, स्पिनर चालू, ते वर्कशॉपला आणलं. टॉवेल टाका, दोन मिनिटं फिरवा, झालं. पिळणं जवळजवळ बंदच झालं. आरशांच्या आणि ग्रिलच्या फटींना ब्लोअर.

ब्रशचे दांडे बारीक असतात, आणि जितका दांडा बारीक तितकी बोटं घट्ट आवळावी लागतात. एसीच्या तांब्याच्या पाइपावर जो काळा फोम चढवतात तो एसीवाल्याकडे तुकड्यात फुकट मिळतो, ब्रशच्या दांड्यावर तो चढवला. दिसायला भिकार, धरायला सुख. पॉलिशरच्या हँडलवर क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप. बडोद्यात बॅटच्या ग्रिपला काय तोटा, पठाण बंधूंचं गाव आहे.

पॉलिशरबद्दल थोडं. माझ्याकडे जुनी रोटरी होती, म्हणजे पॅड नुसता जागच्या जागी गोल फिरवणारी, अजून आहे, पण आता फक्त खोल ओरखड्यांना. बाकी सगळं 15 एमएम थ्रोच्या डीएवर, म्हणजे ड्युअल अॅक्शन, ज्याचा पॅड फिरता फिरता 15 एमएमच्या घेरात डोलतोही. 21 एमएमचं मोठं मशीन बॉनेट-छतावर झपाट्याने काम करतं पण दाराच्या वळणांवर ते सांभाळतानाच हात दमतो. मशीन घेताना मॅन्युअलमध्ये व्हायब्रेशनचा आकडा छापलेला असतो, मीटर प्रति सेकंद वर्गमध्ये, तो कुणी वाचत नाही. युरोपात 2002 चा नियम आहे, आठ तासांच्या हिशोबाने 2.5 च्या वर गेलं की मालकाने काहीतरी उपाय करायचा आणि 5 च्या वर जाऊच द्यायचं नाही. आता गंमत बघा, ज्या मशीनचा आकडा 5 आहे ते दोनच तास चालवलं तरी दिवसाचा 2.5 चा कोटा संपतो. आपण दसऱ्याच्या आठवड्यात किती तास चालवतो ते सांगत नाही. आणि आकडा कंपनीचा नवा पॅड लावून काढलेला असतो, आपला पॅड कम्पाउंडने भिजून जड झालेला, बॅकिंग प्लेटवर तिरका चिकटवलेला, त्याने थरथर वाढते. प्रत्येक पॅनलनंतर पॅड साफ करा, गाडीसाठी नाही तर हातासाठी म्हणून करा.

अँटी-व्हायब्रेशन ग्लोव्हजवर मात्र मी खूश नाही. जाड जेल असलेले मागवले. हात गरम होतो, मशीन नीट जाणवत नाही म्हणून आणखी घट्ट धरलं जातं, आणि घट्ट धरलं की थरथर आणखी वर चढते. मे महिन्यात 42-43 डिग्रीत ते घालून कोण काम करणार. पोरांनी उत्तरायणची बोटपट्टी सुचवली, पतंग उडवताना मांजापासून बोटं वाचवायला गुंडाळतो ती, गेंडीगेटला रोलच्या रोल मिळतात. क्ले करताना बोटांची टोकं सोलवटतात त्याला ती उत्तम, ताठरपणाला काही उपयोग नाही, पण घट्ट गुंडाळू नका.

रात्री घालायचा मनगटाचा पट्टा, आत अॅल्युमिनियमची पट्टी असलेला, हा पाचशे-सातशे रुपयांचा घ्याच. झोपेत आपण मनगट दुमडतो आणि नस दाबली जाते, पट्टा ते सरळ ठेवतो. दिवसा कामावर मात्र घालू नका, मनगट अडलं की खांदा भरपाई करतो आणि मग मान धरते.

आमचे काका दांडिया बाजारातले जुने, त्यांचं म्हणणं हे सगळं सोड आणि जुम्मादादा व्यायाम मंदिरात, इथल्या जुन्या आखाड्यात जा, आखाड्याचे गुरू प्रा. माणिकरावांच्या वेळेपासून हाडा-सांध्यांचं ज्ञान तिथे आहे. काकांशी वाद घालत नाही मी, माणिकरावांबद्दल तर नाहीच. पण अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग इतक्यातच मुंग्या येत असतील, रात्री हात झटकत उठावं लागत असेल, वस्तू हातातून सुटत असतील, तर तो नसेचा मामला आहे. त्याला मालिशही नाही आणि मेणही नाही, डॉक्टरांना दाखवा, ते एनसीव्ही म्हणजे नसेची टेस्ट सांगतील. थंडीत गाडी धुताना बोटांची टोकं पांढरीफटक पडत असतील तर ते व्हायब्रेशनचं लक्षण असू शकतं, तेही दाखवा, अंगावर काढू नका.

गोळे येण्याबद्दल बरेच जण मीठ-पाणी, केळी सांगतात. उन्हाळ्यात घाम इतका जातो की ताक-मीठ मी घेतोच, पण हिवाळ्यातही गोळे येतातच ना, म्हणजे दमलेला स्नायू हेच मोठं कारण असावं. एका पॅनलनंतर मशीन खाली ठेवून बोटं पूर्ण फाकवायची, मनगट हळू मागे न्यायचं, अर्धा मिनिट. गिऱ्हाईक काचेतून बघत असलं तरी.

मग वॅक्स मशीन घ्यावं का? ज्यांनी पंप, स्पिनर, फोमचे दांडे हे आधी केलंय आणि तरी सकाळी हात ताठ असतो त्यांनी घ्या, मोठ्या भांड्याचं मिळालं तर तेच घ्या. बाकीच्यांनी आधी बाटली बदला. मेण घरात एकटा वापरत असाल तर परत परत वितळवून चालतं, गढूळ दिसायला लागलं की टाकून द्या, मोरीत मात्र ओतू नका, गोठून पाइप बंद होतो. डब्यातच थंड होऊ द्या, वडीसारखं निघतं.