वस्तऱ्याची पहिली धार: दगड घ्यावा की फिल्म?

आमच्या पेठेतल्या सलूनमध्ये आता सगळीकडे अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा चालतो. अखंड पात्याच्या वस्तऱ्याला धार कशी लावायची, हे शेजारी बसवून शिकवणारं माणूस मला काही कोल्हापुरात भेटलं नाही. आजोबांच्या ट्रंकेत जर्मनीतल्या सोलिंगेनचा वस्तरा सापडला आणि तो वापरायचाच असं मी ठरवलं. मग पाण्याचे दगड (पाणी घालून वापरायचे धारेचे दगड) घ्यायचे की काचेवर लावायची लॅपिंग फिल्म, म्हणजे घासणाऱ्या बारीक कणांचा थर दिलेला प्लॅस्टिकचा पातळ ताव, हा प्रश्न आला. मी आधी दगड घेतले, मग फिल्म. त्या अनुभवावरून लिहितोय. तुमचा हात वेगळा असेल, तर मत वेगळं होऊ शकतं.

दगडांची चढण नेहमीचीच: १०००, ४०००, ८०००; नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक. वस्तऱ्याचं एक बरं असतं, कोन आपल्याला धरावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही टेकवली की कोन आपोआप मिळतो. पण म्हणूनच खालचा दगड तंतोतंत सपाट लागतो, आणि पाण्याचा दगड वापरता वापरता मधून झिजतो. सुरीचं त्यावाचून अडत नाही. वस्तऱ्याचं अडतं.

माझं घोडं इथंच अडलं. वस्तरा गालावर ओढायला लागला, म्हणून धारेवर मार्कर पेनची शाई फासली, १००० च्या दगडावर वीस हात मारले आणि गुजरीतून आणलेलं सोनाराचं भिंग डोळ्याला लावलं. टोकाची शाई गेलेली, बुडाची गेलेली, मधे बोटभर शाई जशीच्या तशी. मग दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या आणि काचेवर २२० नंबरचा काळा वॉटर पेपर ठेवून त्यावर दगड घासला. कडेच्या रेघा पुसल्या गेल्या, मधल्या हलेनात. त्या पुसेपर्यंत पाऊण तास गेला आणि मोरीभर राखाडी चिखल झाला. हे एकदा करून भागलं असतं तर तक्रार नव्हती. पण दर तीन-चार वेळांनी तेच, आणि तिन्ही दगडांना. सगळ्यात जास्त त्रास याचा झाला, की धार बिघडली तर चूक माझ्या हाताची की दगडाची, हे मला ओळखताच येत नव्हतं. शिकताना एवढं तरी कळायला हवं.

फिल्मचं तसं नाही. ही मुळात ऑप्टिकल फायबरची टोकं घासून गुळगुळीत करायला वापरतात, त्यामुळे कण एकसारखे असतात. फ्रेमवाल्याकडून १० मिलिमीटर जाडीची काच कापून आणली, कडा घासून घेतल्या. एका तावाच्या तीन पट्ट्या होतात. काचेवर पाणी शिंपडून पट्टी अंथरली की ती चिकटून बसते. फिल्मचा आकडा म्हणजे कणाचा आकार, लहान तितकी बारीक: १२ मायक्रॉन, मग ५, ३ आणि शेवटी १. काच झिजत नाही, म्हणजे सपाटीची काळजी संपली. आता शाई कुठं राहिली तर चूक हाताची, एवढं पक्कं.

फिल्मचेही नखरे आहेत. खाली धुळीचा एक कण राहिला तरी तिथं उंचवटा येतो आणि धारेचा नेमका तेवढाच भाग खराब होतो. पट्टी अंथरण्याआधी काच तळहातानं पुसून बघायची, कापडानं नाही. हात जड पडला किंवा धार खाली झुकली, तर पट्टी चिरते. माझ्या पहिल्या दोन पट्ट्या अशाच गेल्या. शिवाय फिल्म संपते आणि परत मागवावी लागते, दगड मात्र वर्षानुवर्षं टिकतो. वस्तऱ्याला डोळ्यांना दिसेल अशी खाच पडली असेल, तर १२ मायक्रॉनवर दिवस जाईल. तिथं दगडच हवा, हे मान्य.

दाढीत फरक पडतो का? मला ८००० च्या दगडानंतर हनुवटीखाली जळजळायचं, १ मायक्रॉननंतर नाही. पण तोवर माझा हातही सुधारला असेल, म्हणून यावर फार भर देत नाही.

धार लावून झाल्यावर वस्तरा ज्यावर फिरवतात तो चामड्याचा पट्टा मात्र दोन्हीकडे लागतोच, आणि त्यासाठी कोल्हापूरकरांनी बाहेरून काही मागवू नये. चप्पल लाईनमध्ये एका कारागिरानं मला बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची अडीच इंच रुंद पट्टी कापून दिली. चपलेच्या तळाचं जाड चामडं नको, वरच्या पट्ट्याचं पातळ मागा. त्यावर वस्तरा पाठ पुढं ठेवून पन्नास वेळा फिरवायचा, दाब न देता.

वस्तरा धड असेल आणि एकच असेल, तर मी तरी काच आणि फिल्म घ्या असंच म्हणेन. तीन-चार जुने वस्तरे दुरुस्त करायचा नाद लागला, तर १००० चा एक दगड जोडीला घ्या. माझा ८००० चा कापडात गुंडाळून ठेवलाय, कधीतरी परत काढीन. १००० चा स्वयंपाकघरात गेला. आई त्यावर सुरी घासते. त्याला मधे परत खड्डा पडलाय, पण कांदा छान चिरला जातो.