फुकटचं सॉफ्टवेअर टाकायला गेले आणि 87,698 रुपये घालवून बसले

गूगल ड्राइव्ह कॉम्प्युटरवर टाकायला एक पैसा लागत नाही आणि कुणाला फोनही करावा लागत नाही. हे आधीच सांगून टाकते. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी हसून घ्या.

माझा घरगुती मसाल्यांचा धंदा आहे. बिलं, गिऱ्हाइकांची उधारी, सगळं जुन्या डेस्कटॉपवर. हार्डडिस्क कटकट वाजायला लागली तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, ड्राइव्हवर टाकून ठेव. 15 जीबी फुकट, 100 हवी असेल तर महिन्याला 130 रुपये." तो बंगळुरूला. म्हटलं, आपणच करू.

सर्चमध्ये नाव टाकून पहिली लिंक उघडली. ती जाहिरात होती, वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. फाइल उतरवून डबल क्लिक केलं तर पिवळ्या पट्टीची चौकट आली, प्रकाशक अज्ञात. खऱ्या सेटअपला तिथे 'गूगल एलएलसी' असं नाव येतं. पण विंडोज उठसूट काहीतरी विचारतच असतं, 'येस' दाबून मोकळी झाले. मग 'ॲक्टिव्हेशन अपूर्ण, सपोर्टला फोन करा' आणि खाली नंबर.

फोनवरचा मुलगा छान मराठी बोलत होता. "ताई, घाबरू नका, मी स्क्रीन बघून करून देतो." एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप, टाकायला लावलं, त्यातला आकडा विचारून घेतला आणि माउसचा बाण आपोआप फिरायला लागला. वर्षाच्या 100 जीबीचे म्हणून 1,499 रुपये मागितले. महिन्याला 130 म्हटल्यावर वर्षाचे तेवढे होणारच, असा हिशोब मी मनात केला. सांगा, यात वेडेपणा कुठे होता? नेटबँकिंग उघडून पैसे भरले.

मग त्याने काळी खिडकी उघडून आकड्यांच्या रांगा दाखवल्या. "हे सगळे बाहेरचे लोक तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेत." भाच्याने नंतर सांगितलं की नेटला जोडलेल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर ती यादी दिसते. "प्लॅन रद्द करून पैसे परत पाठवतो, पण नेटबँकिंग चालू ठेवा." स्क्रीन काळी झाली, 'अपडेट चालू आहे, बंद करू नका.' तेवढ्यात मोबाइलवर मेसेज. "ताई, रिफंडचा कोड आला असेल, सांगा."

तिथे. तिथेच थांबायला हवं होतं. आजवर कुणी पैसे पाठवले तेव्हा ओटीपी आलाय का मला? कधीच नाही. रोज यूपीआयवर पैसे घेते मी, मला हे कळत नव्हतं असं नाही. पण समोर काळी स्क्रीन, कानात तो एकसारखा बोलतोय आणि मेसेजमध्ये आकडा सगळ्यात आधी, कशाचा ते इंग्रजीत पुढे. मी वाचून दाखवला. मग दुसरा आला, तोही. खात्यातून 49,999 आणि 36,200 रुपये गेले.

अशा वेळी आधी नेटची वायर उपटा, वायफाय बंद करा. मी फोनवर त्याच्याशी भांडत बसले.

आता पुढचं ऐका. 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, आधी लागेना. लागला तेव्हा तक्रार घेतली, हे मान्य. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, सरकारी सायबर पोर्टलवरच्या तक्रारीची प्रिंट आणा. प्रिंट नेली तर बँकेचं स्टेटमेंट शिक्का मारून हवं. बँकेत शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. मॅनेजर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, ओटीपी तुम्हीच दिलात ना? मग आम्ही काय करणार?" अहो, पण जिच्या खात्यातून एरवी गॅस आणि विजेचं बिल जातं, तिच्याकडून एका बसणीत 86,199 नव्या खात्यांत जातात तेव्हा तुमची ती सिस्टीम काय झोपली होती? मिनिमम बॅलन्स जरा कमी झाला की कसं लगेच कळतं!

बँक तोंडी वाटेला लावते. लेखी तक्रार द्या, पोच घ्या, तीवर वेळ घालून घ्या. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 ला परिपत्रक काढून हा नियम केला. ओटीपी दिला असला तरी तुम्ही कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. बाहेरच्या कुणामुळे गेलं, ना बँकेची चूक ना तुमची, तर तीन कामाच्या दिवसांत कळवलं की तुमच्यावर काही येत नाही. शाखेत हे कुणी सांगितलं नाही, भाच्याने शोधून दिलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आणि हो, कॉम्प्युटर पुसून विंडोज नव्याने टाकल्याशिवाय त्यावर पासवर्ड टाइप करू नका. मेलचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

1930 मुळे कुठल्याशा खात्यात 11,340 रुपये होल्ड झालेत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं. सातारा भागात कुणी असे पैसे परत मिळवले असतील तर अर्ज कसा केला, वकील लागला का, तेवढं सांगा.